शॉकअपच्या दांड्यावर एक झिपटाय: सस्पेन्शन खाली आपटतंय का, ते कळेल

कच्च्या रस्त्यावर वेगात 'धाड्' असा आवाज आला की बहुतेकजण थेट कडक स्प्रिंग घालतात. त्याआधी दोन रुपयांत मोजमाप घ्या. दांडा वर, नळकांडं खाली अशा मागच्या शॉकअपवर हे सोपं जातं.

१. गाडी सपाट जागी, चाकांना ओट लावून. धूळटोपी वर सरकवून दांडा कापडाने पुसा.

२. बारीक नायलॉनचा झिपटाय हाताने सरकेल इतपत आवळा, शेपूट कापा, सीलपर्यंत (नळकांड्याच्या तोंडाशी तेल अडवणारी रबरी कडी) खाली आणा.

३. नेहमीचं सामान भरून ओळखीच्या रस्त्यावर वेग हळूहळू वाढवत चालवा. शॉकअप दबेल तसा झिपटाय वर ढकलला जातो आणि तिथेच थांबतो.

४. झिपटाय ते बंपस्टॉप (शॉकअप पूर्ण दबताना धक्का झेलणारा रबरी तुकडा) अंतर मोजा.

सर्वांत मोठ्या खड्ड्यानंतर २०-२५ मिमी उरलं तर उत्तम. अधूनमधून बंपस्टॉपला टेकला तरी घाबरू नका, तो त्यासाठीच असतो. लहान खड्ड्यांतही टेकत असेल, तर आधी ओझं कमी करा. शॉकअप समायोज्य असेल तर कम्प्रेशन (दबताना होणारा विरोध) दोन क्लिक वाढवा, पुन्हा मोजा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. स्प्रिंग बदललीच, तर रिबाउंडही (परत उसळताना होणारा विरोध) जुळवावं लागतं. कमी पडलं तर उसळीनंतर मागची बाजू उडते.

झिपटाय पक्कडीने ओढू नका. दांड्यावर ओरखडा पडला की सील फाटून तेल गळतं.