मातीच्या वाड्याला सिमेंट लावायच्या आधी एवढं वाचा

आमचा वाडा खटाव तालुक्यात, पांढऱ्या मातीच्या दोन हात जाड भिंती, खाली दगडी जोतं, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. पंधरा वर्षांपूर्वी ओल दिसते म्हणून चुलत्यांनी उत्तरेच्या भिंतीला एका कंत्राटदाराकडून सिमेंटचा गिलावा मारून घेतला, दिसायला एकदम झकास. पाच पावसाळे गेले आणि थाप मारली की भिंत पोकळ वाजायला लागली, मग एक दिवस सोप्यात पाटाएवढी खपली सुटून पडली. आतल्या मातीवर अंगठा दाबला तर पेरभर आत गेला, पुरणाच्या गोळ्यासारखी मऊ झालेली माती. आत्या म्हणाली, "आरं, भितीचं त्वांड दाबलं तुमी."

खरंच तेच झालं होतं. मातीची भिंत जमिनीतून थोडं पाणी ओढते आणि अंगावरून वाळवून टाकते, सिमेंटनं ती वाट बंद होते, पाणी आत कोंडतं आणि बुडाची माती विरघळायला लागते. ही चूक आपल्याकडंच होते असं नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये रांचोस दे ताओस गावात स्पॅनिश राजवटीत बांधलेलं सॅन फ्रान्सिस्को दे आसिस चर्च आहे, अडोबीचं, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचं. त्याला १९६७ मध्ये सिमेंटचा गिलावा केला, आत पाणी मुरलं, भिंती खचायला लागल्या, शेवटी १९७९ मध्ये गावानं तो सगळा काढून परत मातीचं लिंपण केलं. तेव्हापासून गावातली माणसं दर उन्हाळ्यात एकत्र येऊन त्या चर्चला लिंपतात. मला हे वाचून इतकं बरं वाटलं की आम्ही पण तसंच ठरवलं.

आता काम कसं करायचं. पहिल्यांदा भिंतीला हात लावायचाच नाही, आधी पाण्याचा बंदोबस्त. माळवद असेल तर मृगाच्या आधी वरचं गवत मुळासकट काढा, नवी पांढरी माती टाकून चोपण्यानं नीट चोपा, उतार पन्हळीकडं ठेवा, आणि पन्हळ भिंतीपासून लांब पाणी टाकते का ते पहिल्या पावसात स्वतः उभं राहून बघा. कौलं असतील तर फुटकी बदला. वाड्याच्या कडेनं कुणी काँक्रीटचा ओटा केला असेल तर भिंतीलगतचा हातभर पट्टा फोडून काढा, जमिनीचा उतार बाहेर काढा. आमची निम्मी ओल एवढ्यानंच गेली.

मग सिमेंट. एका दिवसात सगळं उकलायचं नाही, हे फार महत्त्वाचं आहे. आतली भिंत ओली असली की कधीकधी तो गिलावाच तिला धरून असतो, म्हणून आधी तुळयांना टेकू द्या, मग छिन्नीनं हातभर रुंदीचा तुकडा काढा, आठ-दहा दिवस वाळू द्या, मग पुढचा. बुडाला माती खाल्ली असेल तिथं त्याच मातीच्या कच्च्या विटा करून बसवा, भाजकी वीट आणि सिमेंट घालू नका, कडक आणि मऊ एकमेकाला धरत नाही आणि जोडावरच भेग जाते. भेग जुनी का चालती हे कळायला तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा, वर्षभर बघा. रेघेच्या पुढं सरकली तर गवंड्याला नाही, जुन्या बांधकामाच्या जाणकार इंजिनिअरला बोलवा. आपला पट्टा भूकंपाचा आहे, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा धक्का आत्या अजून सांगते, त्यामुळं तुळया खांबांवर नीट बसल्यात का आणि तळखड्यापाशी, म्हणजे खांबाखालच्या दगडापाशी, खांबाला वाळवी लागली नाही ना हे त्याच फेरीत तपासा.

लिंपणाची माती शक्यतो पडलेल्या भिंतीचीच वापरा. बाहेरची आणायची तर काचेच्या बरणीत निम्मी माती निम्मं पाणी घालून हलवा आणि रात्रभर ठेवा, खाली वाळू बसते, वर चिकणमाती. चिकणमाती जास्त झाली तर वाळताना भेगा पडतात, कमी झाली तर हाताला भुगा लागतो. आम्ही गव्हाचं भुसकट आणि शेण घालून चिखल पायानं तुडवला, आठ दिवस भिजत ठेवला, रोज परतला, वास सुटतो पण त्यानंच चिकटपणा येतो. मग तीन-चार वेगवेगळे नमुने भिंतीच्या कोपऱ्यात हातभर लावून वाळवून बघितले आणि न तडकलेला घेतला. भिंतीवर आधी पाण्याचा हलका हबका मारा, पहिला थर जोर लावून थापा, तो वाळल्यावर दुसरा पातळ. हे काम दिवाळीनंतर होळीच्या आत, कडक उन्हात नको. रंग चुन्याचाच द्या, ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट म्हणजे परत तोंड दाबणं.

आठवणीचं काय ते पण सांगतो. काम चालू व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, खणांची, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेची, मापं घेऊन साधा नकाशा काढा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकेका खोलीत बसवून मोबाईलवर बोलतं करा, खोलीत बसल्यावर जे आठवतं ते अंगणात बसून आठवत नाही. भावकीत वाटण्या झाल्या असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या, नाहीतर अर्ध्यात काम थांबतं.

दारावर पाटी लावायची वेळ आली तेव्हा बऱ्याच जणांचं म्हणणं होतं पणजोबांचं नाव आणि साल, बस. पण सिमेंट निघालं तेव्हा माजघराच्या कोपऱ्यात जुन्या लिंपणावर बोटांच्या कमानी तशाच राहिलेल्या सापडल्या, पाच बोटांच्या, एकाखाली एक, कुणा बाईनं फिरवलेल्या. आत्यानं आपला पंजा त्यावर ठेवून बघितला, तिच्यापेक्षा लहान हात होता. तेवढी दोन हात जागा आम्ही लिंपली नाही, कडेनं मातीचा काठ केलाय. आणि पाटीवर दर वर्षी लिंपायला आलेल्यांची नावं लिहितो, पहिल्या वर्षी अकरा होती, त्यात पहिलं आत्याचं.