प्रोसेसचा मेमरी-नकाशा वाचताना आणि दाखवताना या चुका टाळा

लिनक्सवर चालू असलेल्या प्रत्येक प्रोसेसचा मेमरी-नकाशा प्रॉक फाइलसिस्टीममध्ये, तिच्या पीआयडीच्या (प्रोसेसच्या क्रमांकाच्या) डिरेक्टरीत, ‘मॅप्स’ नावाच्या फाइलमध्ये मिळतो. कोड कुठून कुठपर्यंत आहे, कुठली लायब्ररी कुठे बसली आहे, स्टॅक (फंक्शन चालताना लागणारी तात्पुरती जागा) कुठे आहे, सगळं ओळीओळीने लिहिलेलं असतं. क्रॅशचा माग काढणाऱ्याला हा नकाशा लागतोच. पण घुसखोरालाही नेमका हाच हवा असतो. स्टॅक, हीप (प्रोग्रॅम चालताना मागून घेतो ती मेमरी) आणि लायब्रऱ्या दरवेळी वेगळ्या पत्त्यांवर बसवायच्या, ही एएसएलआरची युक्ती; लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, तिची सुरुवात २००५ साली २.६.१२ या आवृत्तीत झाली. पत्ते बाहेर कळले की तिचा उपयोग संपला. म्हणून खालच्या बहुतेक चुका ‘दिसत नाहीये, तर उघडून टाकू’ या घाईतून होतात.

‘परमिशन डिनाइड’ आलं की कुलूपच काढणं

सर्वात जास्त वेळ याच्यात जातो. सर्व्हिस आपल्याच युजरखाली चालली आहे, तरी मॅप्स उघडत नाही. मग कुणीतरी यामा या कर्नलमधल्या सुरक्षा-मॉड्यूलची ‘पीट्रेस-स्कोप’ सेटिंग शून्यावर आणतो. त्याने काहीच होत नाही, कारण ती सेटिंग डीबगर जोडण्यावर बंधन घालते. मॅप्स वाचायला त्याहून हलकी, फक्त ‘रीड’ दर्जाची परवानगी तपासली जाते आणि यामा त्यात पडत नाही. शिवाय बदललेली सेटिंग परत फिरवायची बहुधा राहून जाते.

आधी त्या पीआयडीच्या डिरेक्टरीतल्या फाइलींचा मालक बघा. ‘पीएस’ कमांडमध्ये प्रोसेस तुमच्या नावावर आणि फाइली मात्र रूटच्या नावावर दिसत असतील, तर ती प्रोसेस ‘डंपेबल’ राहिलेली नाही, म्हणजे तिची मेमरी साध्या युजरला बघू द्यायची नाही असं कर्नलने ठरवलं आहे. रूट म्हणून सुरू होऊन नंतर साध्या युजरवर उतरणाऱ्या सर्व्हिसचं असं होतं, कारण तिच्या मेमरीत रूट असतानाची गुपितं उरलेली असू शकतात. म्हणजे कर्नल बरोबरच वागतोय. तपासणीपुरता रूटकडून नकाशा वाचून घ्या. तपासणीचं साधन कंटेनरमध्ये असेल तर त्या कंटेनरला फक्त पीट्रेसची (दुसरी प्रोसेस तपासण्याची) केपेबिलिटी, म्हणजे तेवढाच सुटा अधिकार, द्या. पूर्ण ‘प्रिव्हिलेज्ड’ करणं हा उपाय नव्हे.

डीबगिंगसाठी सगळ्या मशीनचं एएसएलआर बंद करणं

पत्ते दर रनला बदलतात म्हणून वैतागून लोक ‘रँडमाइझ’ची सेटिंग २ वरून ० करतात. याची गरजच नसते. जीडीबी हा डीबगर स्वतः सुरू केलेल्या प्रोग्रॅमपुरतं रँडमायझेशन आपणहून बंद ठेवतो. जीडीबीबाहेर हवं असेल तर ‘सेटआर्च’ कमांड एकाच प्रोसेसपुरतं ते बंद करते.

कच्चे पत्ते लॉगमध्ये किंवा बग रिपोर्टमध्ये टाकणं

चालू सर्व्हिसचा अख्खा नकाशा तिकिटाला चिकटवू नका. फोर्क करून (स्वतःची प्रत काढून) वर्कर बनवणाऱ्या सर्व्हरमध्ये सगळ्या वर्करना पालकाचीच मांडणी मिळते, त्यामुळे एकाचे पत्ते फुटले की सगळ्यांचे फुटले. वर्कर मरून नवा आला तरी मांडणी तीच राहते, पालक रीस्टार्ट होईपर्यंत. लॉगमध्ये लायब्ररीचं नाव, तिचा बिल्ड-आयडी (त्या नेमक्या बिल्डची ओळख) आणि तिच्या सुरुवातीपासूनचं अंतर लिहा. क्रॅशची ओळ शोधायला एवढं पुरतं.

पेजमॅपमधलं शून्य खरं मानणं

‘पेजमॅप’ फाइल प्रत्येक आभासी पानामागची (पान म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा) भौतिक फ्रेम, म्हणजे रॅममधली खरी जागा, सांगते. मार्च २०१५ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झिरोने रोहॅमर (रॅमची एकच ओळ वारंवार वाचून शेजारचे बिट उलटवणं) वापरून कर्नलचे अधिकार मिळवता येतात हे दाखवलं, आणि त्यात भौतिक पत्ते कळणं हल्लेखोराच्या कामाचं होतं. त्यानंतर कर्नल ४.० मध्ये साध्या युजरला ही फाइल उघडणंच बंद झालं. ४.२ पासून ती उघडते, पण फ्रेमचा आकडा शून्य येतो. तुमच्या स्क्रिप्टला सगळी पानं ‘शून्य क्रमांकाच्या फ्रेममध्ये’ दिसत असतील तर कोड बरोबर आहे, अधिकार कमी आहे. पान मेमरीत आहे की स्वॅपमध्ये, हे सांगणारे बिट मात्र तेव्हाही खरे असतात. पुष्कळदा आपल्याला तेवढंच हवं असतं.

आकड्यांचा चुकीचा अर्थ

सगळ्या प्रोसेसचे आरएसएस (प्रोसेसची रॅममध्ये असलेली एकूण पानं, वाटलेली धरून) बेरजेला लावू नका. चार प्रोसेसमध्ये वाटलेली १०० पानं त्या बेरजेत ४०० होतात. पीएसएसमध्ये वाटलेली पानं विभागून मोजतात, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला २५ येतात. मात्र पीएसएससाठी दर सेकंदाला ‘स्मॅप्स’ (मॅप्सचीच सविस्तर फाइल) वाचणंही बरं नाही. कर्नलला त्यासाठी पेज-टेबलं चाळावी लागतात आणि मोठ्या डेटाबेसवर ते जाणवतं. फक्त एकूण बेरीज हवी असेल तर ४.१४ पासून ‘स्मॅप्स-रोलअप’ आहे.

‘हीप’ लिहिलेली ओळ म्हणजे सगळी हीप नव्हे. जीलिबसी या सी लायब्ररीचा मॅलॉक (मेमरी मागण्याचं फंक्शन) साधारण १२८ केबीच्या वरच्या मागण्या सुरुवातीला वेगळ्या मॅपिंगमधून भागवतो, आणि थ्रेडचे अरीनाही (थ्रेडसाठी राखलेले मेमरीचे साठे) बाहेरच असतात. ती ओळ वाढत नाही म्हणून मेमरी-लीक नाही, असं म्हणू नका.

आणि लायब्ररीच्या नावापुढे ‘डिलीटेड’ दिसलं तर कुणी घुसलंय म्हणून घाबरू नका. बहुतेक वेळा पॅकेज अपडेट झालेलं असतं. पण दुर्लक्षही करू नका. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचा सुरक्षा-अपडेट टाकून झाला, तरी ती वापरणारी सर्व्हिस रीस्टार्ट होईपर्यंत मेमरीतला जुनाच, भोक असलेला कोड चालवत असते.