जुना पाइप चकचकीत करण्याच्या नादात: या चुका टाळा

तंबाखूचा जुना पाइप वापराने सहसा मरत नाही. चाळीस-पन्नास वर्षं ओढलेला, दातांनी चावलेला, आतून काजळीने भरून गेलेला पाइपही बहुतेक वेळा वाचवता येतो. त्याची खरी वाट लागते ती नव्या मालकाच्या टेबलावर. चोरबाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून हौसेने उचलून आणला, घरात होता तो पॉलिश पेपर आणि होतं ते स्पिरिट काढलं, आणि संध्याकाळपर्यंत नव्यासारखा करायचाच म्हणून बसलं की झालं. या छंदात जे बिघडतं ते बहुतेक दोनच कारणांनी. हातातली वस्तू कशाची आहे हे न बघता सुरुवात केली जाते, आणि कुठे थांबायचं ते कळत नाही.

पुढचं सगळं ब्रायरच्या पाइपबद्दल आहे, कारण हाताला लागतात ते बहुधा तेच. भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या बुंध्याशी, मुळं फुटतात तिथे लाकडाची गाठ तयार होते, तीच ब्रायर. फ्रान्समधल्या सेंट-क्लोदच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिचे पाइप करायला घेतले आणि मातीचे पाइप मागे पडले. तंबाखू भरतात तो बाउल, त्याला जोडून येणारी लाकडी दांडी म्हणजे शँक, तोंडात धरतात ती स्टेम, आणि स्टेमचं जे टोक शँकमध्ये जातं ते टेनन. एवढे चार शब्द पुरे.

घासण्याआधी वाचा

शँकच्या दोन्ही बाजूंना आणि खाली भिंगाने बघा. तिथे ठसे असतात, आणि पाइपची ओळख तेवढीच. डब्लिनच्या पीटरसन कंपनीचं उदाहरण घ्या. ‘आयरिश फ्री स्टेट’ असा ठसा दिसला तर तो पाइप १९२२ ते १९३७ मधला. ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ असेल तर १९४० च्या दशकाच्या अखेरीनंतरचा. डनहिलच्या पाइपवर ‘इंग्लंड’ या शब्दाच्या शेवटच्या अक्षराला लागून एक बारीक आकडा असतो, त्यावरून साल काढतात. हे ठसे इतके उथळ असतात की मध्यम पॉलिश पेपरचे चार हात फिरले तरी जातात. बफिंगच्या, म्हणजे चमक आणायच्या फिरत्या चाकावरही जातात, फक्त हळूहळू. म्हणून शँकवर काम करताना ठशांवर आधी चिकटपट्टी लावा. तिथला थोडा मळ राहिला तरी राहू द्या. ठसा पुसट झालेला चकचकीत पाइप मी तरी विकत घेणार नाही.

स्टेम निघत नाही म्हणून जोर लावणं

जुन्या पाइपमध्ये टेनन डांबरासारख्या चिकट राळेने शँकला धरून बसलेलं असतं. लोक एका हातात बाउल धरतात, दुसऱ्या हाताने स्टेम पिळतात, आणि कट्! टेनन आत, स्टेम हातात. कधी कधी शँकच फाटतो. धरायचं ते बाउलला नव्हे, सांध्याच्या अगदी जवळ शँकला. तरीही हलत नसेल तर पाइप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. लाकूड आणि स्टेम वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात आणि चिकटलेली राळ कडक होऊन सुटते. मग एकाच दिशेने, सावकाश फिरवा.

पण आधी सांधा कसला आहे ते बघा. पीटरसनच्या सिस्टिम पाइपची स्टेम निमुळती असते आणि नुसती खुपसलेली असते. ती हलकेच फिरवत सरळ ओढायची. अमेरिकन केवुडीला आट्यांचा सांधा असतो, तो उलटा फिरवून उघडायचा. आणि नुकताच ओढलेला, गरम पाइप कधीच उघडायचा नाही.

बाउलच्या आतली काजळी

आत साठणाऱ्या कार्बनच्या थराला केक म्हणतात. मिलिमीटरभर केक हवा असतो, तो लाकडाला आगीपासून वाचवतो. तीन-चार मिलिमीटर झाला की तापल्यावर तो लाकडापेक्षा जास्त फुगतो आणि बाउलला आतून तडा देतो.

इथली नेहमीची चूक म्हणजे पेनचाकू. चाकूचं टोक बाउलच्या तळाशी धुराच्या भोकाजवळ लाकूड खणतं, गोल तळ टोकदार होतो आणि नेमकी तिथली भिंत पातळ पडते. रीमर, म्हणजे बाउल आतून गोल खरवडायचं हत्यार, मिळत असेल तर सर्वांत लहान पात्यापासून सुरुवात करा, अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे, आणि दर मिनिटाला काजळी ओतून टाका. नसेल तर बाउलपेक्षा बारीक गोल दांडीला १२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून फिरवा. वेळ लागतो, पण हात सुटत नाही. काजळी काढताना मास्क लावा. ही अनोळखी माणसाच्या कित्येक वर्षांच्या तंबाखूची राख आहे.

केक किती ठेवायचा यावर शौकिनांत वाद आहेत. माझं मत: पाइप अनोळखी असेल तर लाकूड दिसू लागेपर्यंत काढा. नाहीतर आतल्या भेगा कळणारच नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा चालतात. नख लावलं की भुसभुशीत लागणारी काळी जागा, आणि तिच्या बरोबर बाहेरच्या बाजूला गडद डाग असेल, तर लाकूड आरपार जळत आलंय. असा पाइप शोकेसमध्ये ठेवा.

कुठलंही स्पिरिट चालतं, हा समज

अजिबात चालत नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं पॉलिशचं स्पिरिट विषारी केलेलं असतं, त्यात मिथेनॉल असू शकतं. तोंडाला लागणाऱ्या वस्तूत ते घालू नका. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन आणि सुवास असतो, दोन्ही लाकडात राहून जातात. मोबाइल दुरुस्तीवाले सर्किट बोर्ड पुसायला जे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात ते आणा, ९९ टक्क्यांचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं.

आणि पाणी? पुसायला ओलसर फडकं ठीक. पण भांड्यासारखा पाइप पाण्यात घालून ठेवला तर लाकूड फुगतं, रंग उतरतो आणि वाळताना भेग पडते.

शँकमधून पाइप क्लीनर (मऊ धागे गुंडाळलेली बारीक तार) आणि इअरबड अल्कोहोलमध्ये बुडवून फिरवत राहायचं. पांढरे बाहेर यायला लागेपर्यंत बरेच खर्ची पडतात. सिस्टिम पाइप असेल तर शँकमध्ये ओल साठवायला एक खोल विहीर असते. सरळ क्लीनर तिच्यावरून निघून जातो आणि पाइप साफ झाल्यासारखा वाटतो, वास मात्र जात नाही. क्लीनरचं टोक वाकवून तिच्यात घालायला हवं.

वास त्यानेही गेला नाही तर परदेशी शौकीन बाउलमध्ये मीठ भरून त्यावर अल्कोहोल सोडतात. मी मिठाऐवजी कापूस सुचवेन. मीठ शँकमध्ये उतरलं आणि मागे राहिलं तर हवेतली ओल ओढत राहतं, आणि आपल्या पावसाळ्यात ते नको. बाउलमध्ये कापूस दाबून भरा, शँकमध्ये कापसाची घट्ट वात घाला, ड्रॉपरने अल्कोहोल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी कापूस कोऱ्या चहाच्या रंगाचा झालेला असतो. तो पिवळट येईपर्यंत पुन्हा करा, मग पाइप निदान दोन दिवस सावलीत उघडा ठेवा.

स्टेम: सगळ्यात जास्त नुकसान इथे

जुनी काळी स्टेम बहुधा एबोनाइटची असते, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. शाईच्या पेनांचा नाद असलेल्यांना हे साहित्य चांगलं ठाऊक असतं. ऊन आणि हवा लागून त्याचा पृष्ठभाग आधी तपकिरी, मग हिरवट होतो आणि चव कडवट लागते. नव्या पाइपांत ॲक्रिलिक असतं. ते रंग बदलत नाही आणि दाताला कडक लागतं. शंका असेल तर अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या. जळक्या रबराचा आला तर एबोनाइट.

हे ओळखणं का महत्त्वाचं? एबोनाइटवर जे चालतं ते ॲक्रिलिकला मारतं. ॲक्रिलिकची स्टेम अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवली तर तिच्यात बारीक तडे जातात. तिला साबणाचं कोमट पाणी आणि मऊ क्लीनर पुरतो.

एबोनाइटचा हिरवेपणा घालवायला कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये बुडवायचा एक जुना सल्ला फिरतो. ब्लीच हिरवा थर खातं खरं, पण खाली खड्डे पाडतं, आणि मग गुळगुळीत करायला आणखी जाडी घालवावी लागते. उकळतं पाणीही नको, त्याने हिरवेपणा उलट वाढतो. सरळ घासा. ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ६००, मग १०००, पाणी लावून. शेवटी १५०० ते १२००० नंबरचे मायक्रोमेशचे पॅड. एकही पायरी गाळू नका. ४०० चे ओरखडे १००० ने जात नाहीत, नुसते चमकतात.

घासताना दोन जागा सांभाळा. एक, स्टेमवरचा शिक्का किंवा ठिपका. तो उथळ असेल तर त्याच्यावर हात नकोच. दुसरी जागा बहुतेकांना कळतच नाही: स्टेम जिथे शँकला टेकते ती कड. ती जरा गोल झाली की सांध्यात कायमची खाच दिसते आणि ती परत भरून येत नाही. जुन्या एटीएम कार्डातून वाटोळी चकती कापा, मधे टेननच्या मापाचं भोक पाडा, चकती टेननवर चढवून कडेला भिडवा आणि मग घासा. पेपर चकतीवर जाईल, कड धारदार राहील.

दातांचे खड्डे भरण्याआधी शेकून बघा. एबोनाइटला मूळ आकार आठवतो म्हणतात ते खरंच आहे, उष्णता मिळाली की दबलेला भाग बराचसा वर येतो. पण मेणबत्तीवर धरू नका, काळं पडतं, फोड येतात. हेअर ड्रायर किंवा हीट गन दुरून धरा आणि फक्त चावलेल्या टोकाला शेक द्या. वाकड्या स्टेमला सगळीकडे शेक दिला तर तिला आपलं जुनं सरळ रूपही आठवतं आणि पाइपचा बाक जातो. शेकताना आत पाइप क्लीनर ठेवा, म्हणजे धुराची वाट बंद होणार नाही. उरलेला खड्डा कोळशाची वस्त्रगाळ पूड मिसळलेल्या फेविक्विकने भरा, पूर्ण वाळू द्या, मग कानस. घाई केली की आतला डिंक ओलाच राहतो आणि अख्खी ठिगळपट्टी निघून येते.

चमक

लाकडाला घरातलं तेल चोळायची सवय इथे सोडा. खोबरेल काय, शेंगदाण्याचं काय, काही महिन्यांत खवट होतं आणि पाइप तापला की घरभर कळतं. केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन थेंबभर पुरे. व्हार्निश तर नकोच. उष्णतेने त्याला फोड येतात.

चांगला शेवटचा हात कार्नोबा मेणाचा. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणून पाइप तापला तरी टिकतं. पण ते बोटाने लावून चमकत नाही, चाकावर घर्षणाने वितळावं लागतं. इथल्या साध्या बेंच ग्राइंडरची मोटर मिनिटाला २८०० च्या आसपास फिरते. त्यावर मेण जळतं आणि पाइप हातातून उडून भिंतीवर बसतो. १४०० फेऱ्यांची मोटर घ्या आणि पाइप चाकाच्या मध्याच्या खाली धरा. खडबडीत, सँडब्लास्ट केलेल्या पाइपला हे मेण लावूच नका, खाचांत पांढरं साठून राहतं. तिथे शू ब्रश आणि मऊ मेणाची पेस्ट.

बाउलच्या काठावरचा जळका थर घालवायला काठच सपाट घासून टाकायचा मोहही आवरा. आधी ओल्या इअरबडने चोळा, बरंच निघतं. काठ मिलिमीटरभर उतरवला तरी पाइपचा डौल बिघडतो.

सगळं झाल्यावर स्टेम सैल किंवा घट्ट

अल्कोहोलने लाकूड फुगलेलं असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी स्टेम बसत नाही म्हणून टेनन घासायला घेऊ नका. आठवडाभर थांबा, बहुतेक वेळा आपोआप जमतं. तरी घट्टच राहिली तर टेननवर पेन्सिलीचं शिसं चोळा. उलट सैल असेल तर एबोनाइटचं टेनन किंचित शेकून त्याच्या भोकात, भोकापेक्षा केसभर जाड ड्रिल बिटची गुळगुळीत बाजू घाला आणि तशीच थंड होऊ द्या. टेनन तेवढंच फुगतं. ॲक्रिलिकवर हे करू नका.

दुरुस्त केलेला पाइप ओढायलाच हवा असं काही नाही. धूर छातीत घेत नाही म्हणून पाइप निरुपद्रवी, हेही खरं नाही. तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच.

आणि हाती आलेला पाइप पांढरा किंवा मधाच्या रंगाचा, हलका आणि नक्षीदार असेल तर वरचं सगळं विसरा. तो मीअरशॉम. मऊ दगड आहे तो, तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरकडचा, आणि वरून मेणात बुडवलेला. त्यात केक धरू द्यायचा नसतो, रीमर घालायचा नसतो, बाहेरून अल्कोहोल लावलं तर मेण आणि वर्षानुवर्षं चढलेला रंग दोन्ही जातात. आतली काजळी बारीक पेपरने हलक्या हाताने, बाहेरून नुसतं मऊ कोरडं फडकं.