जुन्या डम्पिंगवर गॅस प्लांट टाकायच्या आधी

गावाबाहेर कचऱ्याचा डोंगर आहे तर त्यातून गॅस काढू, वीज बनवू, असं प्रत्येक नगरपरिषदेत कुणीतरी बोलतंच आणि लगेच एखादी कंपनी पीपीटी घेऊन हजर होते. होतं का असं? होतं, पण सगळ्याच डोंगरांतून नाही, म्हणून टेंडरच्या आधी डोंगर तपासा.

ढीग किती उंच आहे आणि शेवटची गाडी कधी खाली झाली ते विचारा. आपल्या कचऱ्यात साधारण निम्मं ओलं असतं, ते भराभर सडतं, गॅस पहिल्या काही वर्षांत जोरात येतो नि मग उतरत जातो. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या बुटक्या, उघड्या ढिगात इंजिन चालवण्याइतकं फारसं काही उरत नाही. तिथे सरळ बायोमायनिंग करा. पोकलेनने ढीग फोडायचा, कचऱ्याचे लांब पट्टे लावायचे, कल्चर म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं पाणी मारून पलटत राहायचं, सुकलं की ट्रॉमेलमधून, म्हणजे फिरत्या गोल चाळणीतून चाळायचं. माती शेतात देण्याआधी जड धातू तपासून घ्या. चिंध्या-प्लास्टिकचा आरडीएफ, म्हणजे कचऱ्यापासूनचं जळण, सिमेंट फॅक्टरीत जातो, पण फॅक्टरी लांब असली तर ट्रकभाड्यातच सगळं संपतं, हा हिशोब पीपीटीत नसतो बरं का.

ढीग उंच आणि ताजा असेल तर मुंबईतल्या गोराईसारखं करता येतं. खाडीला लागून असलेलं ते डम्पिंग २००७ मध्ये बंद झालं, उतार नीट करून वरून झाकलं, विहिरी घेऊन गॅस गोळा केला. विहीर म्हणजे बोअर, त्यात भोकाचा एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पाइप, भोवती खडी आणि वरचं तोंड चिकणमातीने गच्च बंद. खरी गंमत विहिरींतला गॅस नेणाऱ्या आडव्या पाइपात असते, कारण ढीग खचत राहतो, पाइपाला झोळ पडतो, गॅसमधली वाफ तिथे पाणी होऊन बसते आणि लाइन बंद. म्हणून पाइपाला भरपूर उतार द्या, पाणी काढायला ट्रॅप ठेवा आणि पावसाळ्यानंतर सगळी लाइन चालत जाऊन बघा.

ब्लोअरचा, म्हणजे गॅस ओढणाऱ्या पंख्याचा हव्यास करू नका. जास्त ओढलं की बाहेरची हवा आत शिरते आणि ढीग आतून पेटतो, वरून धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मुंबईतल्या देवनार डम्पिंगला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली तेव्हा मुंबईभर धूर होता ते आठवत असेल. प्रत्येक विहिरीचा मिथेन आणि ऑक्सिजन वेगळा मोजा, ऑक्सिजन वाढला की तीच व्हॉल्व्ह कमी करा. इंजिनच्या आधी हायड्रोजन सल्फाइड काढणारा स्क्रबर हवाच, तो नसेल तर इंजिन गंजलंच समजा. आणि इंजिन परवडत नसेल तर निदान फ्लेअरवर, म्हणजे उंच नळीच्या टोकाला गॅस जाळा, कारण शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटीहून जास्त तापवतो.

माझं मत विचाराल तर नवीन पैसा ढिगात घालूच नका, ओला कचरा डेपोत जायच्या आधीच त्याचा गॅस करा. टाकीतला एक घनमीटर बायोगॅस म्हणजे जवळपास अर्धा किलो एलपीजी. सुरुवात मंडई आणि हॉटेलांपासून करा, तिथला माल एकजिनसी असतो, घरांच्या घंटागाडीत डायपर नि करवंट्या येतात. हाडं, करवंट्या, प्लास्टिक हाताने वेगळं करून मगच मिक्सरला घाला. टाकी ताज्या शेणाने सुरू करा, खुराक हळूहळू वाढवा, आणि आंबट वास येऊन गॅस कमी झाला तर दोन-चार दिवस काहीच घालू नका.