डिझेल इंजिनात काजळी आणि तेलाचे किटण साचू नये म्हणून काय करावे

आधुनिक डिझेल गाडीच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या भागात, डांबरासारखे जे काळे किटण साचते, त्याबद्दलचा बहुतेक सल्ला एका बाटलीपाशी येऊन थांबतो. टाकीत अमुक द्रव ओता, इंजिन आतून साफ होईल, असे सांगितले जाते. हे मुळातच चुकीचे आहे. या इंजिनांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, ते मॅनिफोल्डमधून जातच नाही. मग त्यात मिसळलेला द्रव तिथले किटण धुणार कसा? चांगल्या प्रतीचा द्रव इंजेक्टरची टोके स्वच्छ ठेवायला मदत करतो. त्याच्याकडून त्यापलीकडे काही अपेक्षा ठेवू नये.

किटण दोन गोष्टींच्या भेटीतून तयार होते. ज्वलनाचे तापमान उतरवून नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण कमी करावे म्हणून ईजीआर व्हॉल्व्ह एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इनटेकमध्ये सोडतो आणि त्याबरोबर काजळी येते. दुसऱ्या बाजूने, पिस्टन रिंगांना चुकवून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) उतरलेले वायू ऑईलचे सूक्ष्म थेंब घेऊन ब्रीदरच्या, म्हणजे ते वायू बाहेर काढणाऱ्या, नळीतून टर्बोच्या तोंडाशी येतात. कोरडी काजळी बऱ्याच अंशी हवेबरोबर पुढे निघून जाते; ऑईलचा ओलावा मिळाला की ती भिंतीला धरते, थरावर थर चढतो आणि उष्णतेने कडक होतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: आधी ऑईल अडवावे, मग काजळी कमी करावी आणि साफसफाई सर्वांत शेवटी करावी. हा क्रम उलटा करणाऱ्यांचे मॅनिफोल्ड पुन्हा तसेच भरते.

ऑईल

गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच ऑईल भरावे. डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीला सहसा एसीइए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेल्या सी वर्गातले ऑईल लागते, कारण त्यात राख उरवणारे घटक मर्यादित असतात. सी3 मध्ये सल्फेटेड राखेची मर्यादा 0.8 टक्के आहे, तर जुन्या ए3/बी4 दर्जात ती 1.6 टक्क्यांपर्यंत जाते. काजळी डीपीएफमध्ये जाळता येते, राख जाळता येत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी स्वस्तातल्या ऑईलचा मोह सुटतो. गाडी मुख्यतः शहरात, थोड्या थोड्या अंतरासाठी चालत असेल तर ऑईल बदलण्याची मुदत पुस्तिकेतल्या कमाल मुदतीपेक्षा अलीकडे आणावी.

डिपस्टिकवरची वरची खूण ही मर्यादा आहे; तिच्यापर्यंत भरलेच पाहिजे असे नाही. पातळी त्याहून वर गेली की ब्रीदरमधून जाणारे ऑईल वाढते. ऑईल न घालताही पातळी चढत असेल तर त्यात डिझेल उतरते आहे असे समजावे आणि ते ऑईल ताबडतोब बदलावे.

गाडी चालवणे

डीपीएफ स्वतःला साफ करताना फिल्टरचे तापमान सुमारे 600 अंश सेल्सियसपर्यंत नेले जाते आणि त्यासाठी सहसा जादा डिझेल फवारले जाते. या कामाला साधारण 10 ते 20 मिनिटे लागतात. मध्येच इंजिन बंद केले की फवारलेल्यापैकी काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरलेले असते, काजळी मात्र तशीच राहते आणि पुढच्या खेपेला सगळे पहिल्यापासून सुरू होते. उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा थोडे चढलेले, त्या क्षणीचा इंधनखर्च वाढलेला, रेडिएटरचा पंखा जोरात, स्टार्ट-स्टॉप बंद, ही लक्षणे दिसली तर गाडी थांबवू नये. काम संपेपर्यंत चालवत राहावे. एरवीही इंजिन तापल्यावर अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास 2000 ते 3000 आरपीएमच्या दरम्यान चालवावी. वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरत ठेवणे आणि उभ्या गाडीत ते तासन्‌तास चालू ठेवणे, दोन्ही सवयी सोडाव्यात.

ब्रीदर आणि हवेचा मार्ग

टर्बोनंतरची हवेची नळी सोडवून आत बोट फिरवावे. बोटाला ऑईलचा पातळ थर लागणे साहजिक आहे. नळीच्या खोलगट भागात ऑईल साचलेले असेल तर मात्र ब्रीदरमधला ऑईल वेगळे करणारा भाग, त्यातला रबरी पडदा आणि टर्बोची ऑईल परत नेणारी नळी, हे तिन्ही तपासावेत. पडदा फाटलेला असल्यास तो भाग बदलावा. धुऊन पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. वेगळा ऑईल कॅच कॅन (ब्रीदरमधून येणारे ऑईल पकडणारा डबा) लावणाऱ्यांनी तो वेळच्या वेळी रिकामा करावा, कारण तो तुंबला तर क्रँककेसमधला दाब वाढून सीलमधून ऑईल गळू लागते.

एअर फिल्टर, फुटके होज आणि खराब इंजेक्टर यांची कामे याच वेळी उरकावीत. ईजीआर पत्रा लावून बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. अनेक देशांत ते बेकायदा आहे आणि ऑईल येण्याचे कारण त्याने दूर होत नाही.

साचलेले किटण काढणे

थर आधीच जाड झाला असेल तर वरची काळजी अपुरी पडते, कारण खरखरीत पृष्ठभाग नवी काजळी अधिकच धरतो. इथे सर्वांत वाईट सल्ला मिळतो तो चालू इंजिनाच्या हवेच्या मार्गात क्लीनर फवारण्याचा. डिझेल इंजिन इनटेकमधून येणारे कोणतेही ज्वलनशील द्रव्य जाळते. ते जास्त झाले तर इंजिन बेफाम फिरू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही, कारण चावीने फक्त इंजेक्टरचे डिझेल तोडले जाते. शिवाय सुटलेल्या खपल्या सिलिंडरमधून टर्बोच्या पात्यांवर आणि पुढे डीपीएफमध्ये जातात. जाड थर काढायचा तर मॅनिफोल्ड उतरवावाच लागतो.

इंजिन पूर्ण थंड करून, बॅटरीची ऋण तार काढून मॅनिफोल्ड आणि ईजीआर व्हॉल्व्ह उतरवावेत. उतरवलेले भाग साफ करणे सोपे आहे, फक्त अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक सोडा लावू नये, तो धातूच खातो. व्हॉल्व्हची मोटर द्रवात बुडवू नये आणि दाबाचा सेन्सर इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या स्प्रेने धुवावा, ब्रशने नव्हे.

खरी परीक्षा सिलिंडर हेडमधल्या पोर्टांची, म्हणजे हवा सिलिंडरमध्ये नेणाऱ्या मार्गांची असते, आणि मलाही सुरुवातीला याच टप्प्याने सर्वाधिक छळले. प्रत्येक पोर्टाच्या टोकाला इनटेक व्हॉल्व्ह असतो आणि तो उघडा असेल तर खरवडलेले सगळे थेट पिस्टनवर पडते. म्हणून एका वेळी एकच सिलिंडर घ्यावा. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या फिरण्याच्याच दिशेने हळूहळू फिरवावे आणि त्या सिलिंडरचे सर्व इनटेक व्हॉल्व्ह मिटल्याची टॉर्च मारून खात्री करावी. अंदाजावर विसंबू नये. किटणाच्या थराखाली किंचित उघडा व्हॉल्व्हही मिटलेलाच वाटतो. खात्री पटत नसेल तर पोर्टात थोडी हवा सोडून ती सिलिंडरमध्ये निसटते का ते ऐकावे. बाकीच्या पोर्टांत चिंध्या घट्ट कोंबाव्यात आणि त्या मोजून ठेवाव्यात.

मग क्लीनर थोडाच फवारावा, किटण मऊ होईपर्यंत थांबावे आणि लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे. तारेचा ब्रश मी वापरू देत नाही. त्याची एक तुटलेली तार व्हॉल्व्हच्या सीटवर अडकली तर हेड उतरवण्याची वेळ येते. किटण सुटेल तसतसे ते बारीक नळी लावलेल्या व्हॅक्यूमने ओढून घ्यावे, पण क्लीनर ज्वलनशील असल्यास साध्या विजेच्या व्हॅक्यूमने ओला गाळ ओढू नये, तो चिंधीने टिपावा. व्हॉल्व्हच्या मागे गाळाचे डबके साचते आणि वरून ते दिसत नाही, म्हणून काठीला चिंधी गुंडाळून ती कोरडी बाहेर येईपर्यंत पुसत राहावे. त्यानंतरच क्रँक पुढच्या सिलिंडरसाठी फिरवावा.

या कोरडेपणाबद्दल मी इतका आग्रही का, ते आकड्यांवरून कळेल. दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान सुमारे 500 घनसेंटिमीटर असते. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले तो वर असतानाची जागा) 16 धरला तर पिस्टन अगदी वर आल्यावर जेमतेम 33 घनसेंटिमीटर जागा उरते. द्रव दाबला जात नाही. त्या जागेपेक्षा थोडेसे जास्त क्लीनर आत राहिले, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे, तरी स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून सर्व पोर्ट झाल्यावर चिंध्या मोजून बाहेर काढाव्यात आणि क्रँक हाताने पूर्ण दोन वेढे फिरवावा. कुठेही अडले तर जोर लावू नये. ग्लो प्लग (सिलिंडर आधी तापवणारे प्लग) काढून आतले द्रव बाहेर येऊ द्यावे.

जोडणी

गॅस्केट नवीन घ्यावेत आणि बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळावेत. स्कॅनरने ईजीआर व्हॉल्व्हची बंद स्थिती इंजिनाच्या संगणकाला पुन्हा शिकवावी; ही पायरी वगळली तर साफ केलेला व्हॉल्व्हही चुकीच्या जागी थांबू शकतो आणि इंजिन नाहक धूर सोडते. थोडे क्लीनर रिंगांमधून खाली उतरलेले असतेच, त्यामुळे इंजिन सुरू करण्यापूर्वीच ऑईल आणि ऑईल फिल्टर बदलावेत. पुढच्या सर्व्हिसला ईजीआरची नळी जिथे मॅनिफोल्डला मिळते त्या तोंडातून छोटा कॅमेरा घालून पाहावे. तिथे काजळी कोरडी आणि बोटाने पुसली जाण्याजोगी असेल तर ब्रीदर नीट काम करतो आहे. ती पुन्हा ओली आणि चिकट दिसली तर ऑईल अजून कुठून तरी येते आहे, आणि ते सापडेपर्यंत मॅनिफोल्ड दुसऱ्यांदा उतरवू नये.