वेबसाइट गूगलवर वर येत नाही? आधी या चुका टाळा

नागपुरातले दुकानदार, क्लासवाले, मंगल कार्यालयं, नर्सऱ्या अशांच्या वेबसाइट्सचं एसइओ, म्हणजे गूगलवर शोधल्यावर साइट वर दिसावी यासाठीचं काम, मी बरीच वर्षं करतेय आणि बहुतेक फोन एकाच वाक्यानं सुरू होतात, "मॅडम, पहिल्या पानावर आणून द्या, किती दिवस लागतील?" मग साइट उघडली की त्यात त्याच चुका सापडतात ज्या मागच्याच महिन्यात मी दुसऱ्या कुणाच्या साइटवरून काढल्या होत्या. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय. काही चुकांवर जास्त लिहिणार आहे कारण त्यांच्यामुळे लोकांचे खरे पैसे बुडलेले मी बघितलेत.

साइट लाइव्ह केली आणि गूगलचं दार बंदच राहिलं

आपल्याकडे कूलरचा धंदा होळीला सुरू होतो आणि मृगाचा पाऊस पडला की संपतो, म्हणजे जे काही कमवायचं ते तीन महिन्यांत. शहरातल्या एका जुन्या कूलरवाल्या भाऊंची साइट दिसायला अगदी साधी होती पण कूलर दुरुस्ती, खस बदलणे, मोटर बदलणे अशा सर्चवर ती छान वर यायची. मुलाला वाटलं साइट जुनाट दिसते, नवीन करू, आणि फेब्रुवारीच्या शेवटी नवीन साइट लाइव्ह झाली. दिसायला खरंच सुंदर होती.

वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या रीडिंग पानावर एक छोटा चौकोन असतो, त्यावर टिक केली की सर्च इंजिनांना सांगितलं जातं की ही साइट इंडेक्स करू नका, म्हणजे तुमच्या यादीत घेऊ नका. साइट बनत असताना डेव्हलपरनं ती टिक केली होती आणि ते बरोबरच होतं, अर्धवट साइट गूगलमध्ये जायला नको. पण लाइव्ह करायच्या रात्री ती काढायची कुणालाच आठवण झाली नाही. २०१९ मध्ये वर्डप्रेस ५.३ आल्यापासून ही टिक प्रत्येक पानावर नोइंडेक्सचा टॅग, म्हणजे कोडमधली खूण, घालते, आणि गूगलनं तो टॅग वाचला की ते पान यादीतून जातं. लगेच सगळी पानं जात नाहीत, गूगल एकेका पानावर आपल्या सवडीनं येतो, त्यामुळे सुरुवातीचे दोन आठवडे फोन येत होते आणि कुणालाच शंका आली नाही. एप्रिलच्या मध्यात भाऊंचा मला फोन, "मॅडम, पारा त्रेचाळीसवर गेला अन् आपला फोन वाजूनच नाही राह्यला, काऊन?"

माझ्याआधी त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं होतं, आणि त्या माणसानं साइट उघडून न बघता सांगितलं की डोमेनची पॉवर कमी पडतेय, बॅकलिंकचं (दुसऱ्या साइट्सवरून आपल्या साइटवर येणाऱ्या लिंकचं) पॅकेज घ्या. घेतलंसुद्धा. मला याचा अजूनही राग आहे, कारण खरं कारण सापडायला मला पाच मिनिटं लागली. गूगलमध्ये इंग्रजीत साइट, मग कोलन आणि पुढे डोमेनचं नाव टाकलं, तर सगळ्या साइटची तीन पानं उरलेली. पानाचा सोर्स, म्हणजे आतला कोड, उघडला तर वरच नोइंडेक्स. टिक काढायला दहा सेकंद.

पण खरं दुखणं पुढे होतं. नवीन साइटमध्ये सगळ्या पानांचे पत्ते बदललेले, आणि जुने सगळे पत्ते एकजात होमपेजवर वळवलेले. हे लोक सगळीकडे करतात आणि त्यांना वाटतं रीडायरेक्टचं काम झालं. खस बदलण्याच्या पानावर आलेला माणूस होमपेजवर पडला तर त्याला पाहिजे ते मिळत नाही, आणि गूगलही अशा रीडायरेक्टला बहुतेक वेळा सॉफ्ट ४०४ धरतो, म्हणजे पान नाहीच असं समजून सोडून देतो. त्या जुन्या पानानं इतक्या वर्षांत जे कमावलं ते नवीन पानाला मिळत नाही. मी सर्च कन्सोलमधून (साइट गूगलवर कशी चालते ते दाखवणारं गूगलचंच साधन) मागच्या सोळा महिन्यांत ज्या पानांवर क्लिक आले होते ती यादी डाउनलोड केली, एक्सेलमध्ये डावीकडे जुना पत्ता आणि उजवीकडे त्याच विषयाचं नवीन पान असं हातानं जुळवलं, आणि एकेकाला ३०१ लावला. ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर. डेव्हलपर घाईत ३०२ लावून मोकळे होतात, ते तात्पुरत्यासाठी असतं. गूगल म्हणतो रीडायरेक्ट निदान एक वर्ष ठेवा, मी म्हणते काढूच नका.

मुख्य पानं दहाएक दिवसांत परत दिसायला लागली. तोवर भाऊंचा मुलगा रोज सर्च कन्सोलमध्ये इंडेक्सिंगची विनंती दाबत होता, एकाच पानासाठी पाच पाच वेळा, आणि त्याला समजवावं लागलं की परत परत दाबून गूगल लवकर येत नाही, एकदा दाबायचं, साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) द्यायचा आणि थांबायचं. दुरुस्तीचं पान आपल्या जुन्या जागेवर आलं तेव्हा पहिला पाऊस पडून गेला होता. तो सीझन त्यांनी गूगलच्या जाहिरातींवर आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या डायरीतून एकेकाला फोन करून काढला.

तेव्हापासून माझी सवय अशी की साइट लाइव्ह झाल्यावर मी डिझाइन बघतच नाही. आधी सोर्समध्ये नोइंडेक्स शोधते, मग रोबोट्सची फाइल, जिच्यात गूगलनं कुठल्या पानांवर यायचं नाही ते लिहिलेलं असतं, ती उघडून बघते, मग जुन्या साइटचे सगळ्यात चालणारे वीस पत्ते एकेक करून स्वतः उघडते आणि कुठे पोचते ते बघते. दुसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी परत. शुक्रवारी संध्याकाळी तर मी कुणालाच साइट लाइव्ह करू देत नाही.

आणि याच दाराची उलटी चूकही होते. एखादं पान गूगलमधून काढायचं असतं म्हणून लोक नोइंडेक्सही लावतात आणि रोबोट्स फाइलमध्येही ते पान अडवतात. मग गूगल पानावर येऊच शकत नाही, नोइंडेक्स वाचतच नाही, आणि नुसता पत्ता कधीकधी रिझल्टमध्ये तसाच लटकून राहतो. काढायचं असेल तर त्याला आत येऊन वाचू द्या.

मराठी मजकूर कृतिदेवमध्ये किंवा फोटोत

काटोलकडची एक संत्रा कलमांची नर्सरी, घरातले लोक पंचवीस वर्षं या कामात. जंबेरी खुंट घ्यायचा की रंगपूर, डोळा भरायची वेळ कोणती, डिंक्या रोग दिसला तर काय करायचं, आंबिया बहारासाठी पाण्याचा ताण कसा द्यायचा, हे सगळं त्यांनी साइटवर लिहिलेलं होतं. एवढी चांगली माहिती मी फार कमी साइट्सवर बघितली, आणि गूगलवरून महिन्याला एक माणूसही येत नव्हता.

कारण सगळा मजकूर डीटीपीवाल्यानं कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेला, तोच उचलून साइटवर टाकलेला आणि सोबत फॉन्ट जोडलेला. त्यांच्या कॉम्प्युटरवर सुंदर मराठी दिसायचं. पण कृतिदेव हा युनिकोड (मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत) नाही, त्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त मराठीचा चेहरा लावलेला असतो. नागपूर हा शब्द कृतिदेवमध्ये म्हणजे यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे ही सहा इंग्रजी अक्षरं. गूगलला हेच दिसतं, आणि जगात कुणीही हे टाइप करून सर्च करत नाही. विदर्भातल्या जुन्या साप्ताहिकांच्या, संस्थांच्या, शाळांच्या किती साइट्स अशा पडून आहेत, जीव तुटतो बघून.

तपासायचं कसं? पानावरचा एक मराठी शब्द कॉपी करा आणि गूगलच्या सर्च बॉक्समध्ये पेस्ट करा. मराठी आलं तर ठीक, इंग्रजी अक्षरांचा काला आला तर कृतिदेव. उपाय म्हणजे कन्व्हर्टर, फुकटचे मिळतात, पण कन्व्हर्ट करून तसंच टाकू नका. रफार, ऱ्ह, जोडाक्षरं, पहिली वेलांटी यांत हमखास गडबड होते. आम्ही नर्सरीच्या ओट्यावर बसून एकेक पान मोठ्यानं वाचलं, काका सांगत गेले आणि मी दुरुस्त करत गेले, तीन दुपारी गेल्या. अर्धा मजकूर तर पत्रकांच्या फोटोत होता, तो मी चक्क टाइप केला. फोटोतल्या अक्षरांवर भरवसा ठेवून बसू नका, भाव, फोन नंबर, पत्ता हे खऱ्या मजकुरातच पाहिजे.

त्यानंतर सर्च कन्सोलमध्ये जे शब्द यायला लागले ते बघून काका म्हणाले, "पोरी, लोक हेच तर दुकानात येऊन विचारते." कुणी संत्रा लिहितं, कुणी संत्री, कुणी इंग्रजी अक्षरांत मराठी. म्हणून प्रत्येक स्पेलिंगचं वेगळं पान करायची गरज नाही, बोलताना जसं दोन्ही शब्द येतात तसं लिहा. आणि कोडमध्ये भाषेचा टॅग मराठी केला म्हणजे गूगल मराठी समजेल हा पण गैरसमज, तो पानावर दिसणाऱ्या मजकुरावरूनच भाषा ठरवतो. म्हणून एका पानावर एकच भाषा ठेवा, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी शेजारी शेजारी नको.

बाकीच्या चुका, थोडक्यात

मेटा कीवर्ड्सचा रकाना (कोडमध्ये लपलेली सर्चच्या शब्दांची यादी) भरत बसणं. गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलं की रँकिंगसाठी तो बघत नाही. नका भरू.

पाच हजार बॅकलिंकचं पॅकेज. २०१२ मध्ये गूगलचं पेंग्विन अपडेट आलं ते याच धंद्याला चाप लावायला, आणि २०१६ पासून ते गूगलच्या मुख्य अल्गोरिदमचा भाग आहे. तुमच्या नर्सरीवर शेतीच्या एखाद्या साइटनं लिहिलं आणि लिंक दिली तर ती एक लिंक मला त्या पाच हजारांपेक्षा जास्त प्यारी.

मानेवाड्याचं पान, नंदनवनचं पान, धरमपेठचं पान, सदरचं पान, आणि चारही पानांत फक्त मोहल्ल्याचं नाव बदललेलं. याला गूगल डोअरवे पेज म्हणतो आणि ते त्याच्या स्पॅम धोरणात बसतं. त्या भागात तुम्ही खरंच काय काम केलं ते लिहिता येत असेल तरच वेगळं पान करा.

एआयकडून एका रात्रीत दोनशे लेख. मार्च २०२४ मध्ये गूगलनं असा ढिगानं बनवलेला मजकूर स्पॅममध्ये घातला, मग तो माणसानं लिहिलेला असो की मशीननं. माझं मत तर सरळ आहे, ज्याला पंचवीस वर्षांचा अनुभव आहे त्यानं दोनशे उसने लेख टाकण्यापेक्षा स्वतःचे दहा लिहावे, आणि लिहिता येत नसेल तर फोनमध्ये बोलून रेकॉर्ड करावे, टाइप करायला माणूस मिळतो.

मोठ्या स्क्रीनवर साइट पास करणं. गूगल आता मोबाइलवर दिसणारं पान बघून इंडेक्स करतो, तेव्हा मोबाइलवर मजकूर कापून टाकला असेल तर गूगलसाठी तो नाहीच. आपला फोन घ्या, वायफाय बंद करा आणि इतवारीच्या गर्दीत उभं राहून साइट उघडा. मुख्य गोष्ट अडीच सेकंदांत दिसली पाहिजे, गूगलचं मापही तेच आहे. बहुतेक वेळा अडकतं ते कॅमेऱ्यातून थेट टाकलेल्या पाच पाच एमबीच्या फोटोंमुळे.

गूगल बिझनेस प्रोफाइलवर (गूगलच्या सर्चमध्ये आणि नकाशावर दुकानाची माहिती दाखवणारं पान) दुकानाच्या नावात "नागपुरातलं बेस्ट स्वस्त कूलर दुरुस्ती सेंटर" असं सगळं कोंबणं. नाव तेच पाहिजे जे पाटीवर आहे, नाहीतर प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं आणि भर सीझनमध्ये ते परत मिळवताना काय हाल होतात ते ज्यांनी भोगलं त्यांना विचारा. तसंच पुतण्या, भाचा आणि दुकानातली चार पोरं यांनी एकाच दुपारी एकाच वायफायवरून दिलेले पाच स्टार. काम झालेल्या गिऱ्हाइकाला लिंक पाठवा आणि "वेळ मिळाला तर लिहा" म्हणा, आठवड्याला एक आला तरी चालेल.

दर चार दिवसांनी टायटल बदलणं

नवीन लोकांचा उतावळेपणा मला समजतो, पैसे गुंतलेले असतात. पण आज टायटल, म्हणजे गूगलच्या रिझल्टमध्ये दिसणारं पानाचं नाव, बदललं, परवा फरक दिसला नाही म्हणून परत बदललं, मग कुणी व्हिडिओत सांगितलं म्हणून तिसऱ्यांदा, असं केलं तर कशानं काय झालं हे कधीच कळत नाही. गूगलच्याच लोकांनी २०१७ मध्ये सांगितलं होतं की एसइओचा फायदा दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही हेही गूगलनं लिहून ठेवलंय. गॅरंटी देणारा भेटला तर चहा पाजा आणि परत पाठवा. मी एका वहीत तारीख आणि काय बदललं एवढंच लिहिते आणि त्या पानाला निदान सहा आठवडे हात लावत नाही.

आणि आकडे बघताना महिना बघा. जुलैमध्ये त्याच कूलरवाल्या भाऊंचा परत घाबरून फोन आला, क्लिक अर्ध्यावर आले, परत काही बंद पडलं का? काहीच बंद नव्हतं, पोझिशन जागच्या जागी होती, पाऊस पडल्यावर कूलर शोधतो कोण. मेची तुलना जुलैशी करायचीच नाही, या मेची मागच्या मेशी करायची. सर्च कन्सोल सोळा महिन्यांचाच डेटा ठेवतो, म्हणून मी सीझनवाल्या धंद्यांची आकडेवारी दर तीन महिन्यांनी डाउनलोड करून ठेवते.

भाऊंच्या साइटवर काही मोठं बदलायचं असेल तर ते काम आता पोळा आणि मारबत झाली की काढतो, म्हणजे होळीपर्यंत चुका सापडायला सहा महिने मिळतात. मुलानं यंदा नवीन डिझाइन मागितलं तेव्हा भाऊच त्याला म्हणाले, "आधी ताईला विचार, टिक कोण काढणार आहे."