थंडी वाजते ती थांबल्यावर: उबदार जॅकेट घेताना या चुका टाळा

डोंगरावर चांगलं महागाचं जॅकेट अंगात असूनही माणसं कुडकुडतात आणि खाली आल्यावर ठरवून टाकतात, पुढच्या वेळी आणखी जाड घ्यायचं. माझ्या मते जाडी हे कारण क्वचितच असतं. जॅकेट चढताना घालायचं आहे की थांबल्यावर, हे घेताना ठरवलेलंच नसतं. बाकीच्या बऱ्याच चुका इथूनच निघतात.

दोन्ही कामांना एकच जॅकेट

पाठीवर सॅक घेऊन चढताना शरीर नुसतं उभं असतानापेक्षा सहज पाच-सहापट उष्णता तयार करतं. त्या वेळी उणे दहा अंशांतही पातळ थर पुरतो. मग बिलेची, म्हणजे जोडीदाराचा दोर सांभाळायची, जागा येते, जोडीदार पुढच्या टप्प्यावर चढायला लागतो आणि तुम्ही दोर सोडत एका जागी खिळून उभे राहता. पाच मिनिटांपूर्वी घाम काढणारं शरीर आता जेमतेम स्वतःपुरती ऊब करतं. या दोन्ही अवस्थांना पुरेल असं एकच जॅकेट मी अजून पाहिलेलं नाही.

जाड जॅकेट घालूनच चढलात तर घाम फुटतो. तो भरावात मुरतो आणि थांबल्यावर तोच अंगावर उलटतो, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. कडक थंडीत तर घामाची वाफ भरावातच गोठते. एका दिवसाच्या चढाईत हे फारसं जाणवत नाही, पण कित्येक दिवसांच्या मोहिमेत जॅकेट रोज थोडं जड आणि थोडं चपटं होत जातं. लोक मात्र दोष डाऊनला, म्हणजे बदक-हंसांच्या मऊ पिसांच्या भरावाला देतात.

म्हणून चढताना फ्लीस किंवा हवा खेळती ठेवणारं पातळ सिंथेटिक घाला. पोलारटेक अल्फासारखं इन्सुलेशन मुळात धावपळ करणाऱ्या सैनिकांसाठी तयार झालं ते याच कारणाने: घाम बाहेर पडला पाहिजे आणि ऊबही टिकली पाहिजे. थांबल्यावरचं जॅकेट वेगळं. ज्याला बिले जॅकेट म्हणतात ते अंगातल्या सगळ्या कपड्यांवरून, अगदी वाऱ्या-पावसाच्या शेलवरूनही घालायचं असतं. भर वाऱ्यात शेल काढून आत जाड जॅकेट चढवणं हा निव्वळ वेडेपणा आहे. तेवढ्या वेळात साठवलेली ऊब निघून जाते, आणि वर घट्ट शेल आला की आतलं डाऊन दबतं ते वेगळंच.

थांबल्याबरोबर ते घाला, हुडहुडी भरायची वाट पाहू नका. जॅकेट स्वतः गरम होत नाही, तुमच्याकडे शिल्लक असलेली ऊब फक्त धरून ठेवतं. सॅकच्या तळाशी कोंबलेलं जॅकेट निम्मे लोक आळसापोटी बाहेर काढतच नाहीत, तेव्हा त्याची जागा सॅकमध्ये सगळ्यात वर. अनेक टप्प्यांच्या चढाईत पिशवीत भरून कॅराबिनरने (उघडझाप होणाऱ्या कडीने) हार्नेसला, म्हणजे दोर बांधायच्या कमरेच्या पट्ट्याला, अडकवलं तर आणखी बरं.

नुसता फिल पॉवर पाहून भुलणं

लेबलवर 800 दिसलं की 650 वाल्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. फिल पॉवर डाऊनचा दर्जा सांगतो: एक औंस डाऊन फुगल्यावर किती घन इंच जागा व्यापतं, एवढंच. जॅकेटमध्ये डाऊन भरलंय किती, हे त्यातून कळत नाही. 800 चं 100 ग्रॅम आणि 650 चं 180 ग्रॅम यांचा गुणाकार करून पाहा. एकीकडे 80,000, दुसरीकडे 1,17,000. म्हणजे कमी आकड्याचं जॅकेट जवळपास दीडपट हवा धरून ठेवतं. ऊब देते ती हीच अडकलेली हवा. चांगल्या डाऊनचा खरा फायदा वजनात आणि घडीच्या आकारात असतो, म्हणून भरावाचं वजन दिलेलं नसेल तर विचारा. युरोपीय आणि अमेरिकी चाचणीचे आकडेही एकमेकांसमोर ठेवू नका. तेच डाऊन अमेरिकी पद्धतीत जास्त आकडा दाखवतं.

सिंथेटिकमध्ये घोळ वेगळा आहे. तिथे ‘100 ग्रॅम’ म्हणजे एका चौरस मीटर थराचं वजन, अख्ख्या जॅकेटमधला भराव नव्हे. डाऊनच्या 100 ग्रॅमशी त्याची तुलनाच होत नाही. शिवाय बऱ्याच जॅकेटांत छातीला 60 आणि बाह्यांना 40 असा हात आखडता घेतलेला असतो. चढताना घालायला तो उत्तम, बिलेवर उभं राहायला अपुरा.

शिवणही पाहून घ्या. आरपार टाके मारलेल्या जॅकेटमध्ये प्रत्येक शिवणीपाशी भराव शून्य असतो आणि त्या रेषेतून थंडी आत येते. आत पडदे घालून चौकोनी खण केलेलं जॅकेट महाग आणि बोजड, पण कडाक्याच्या थंडीत तेच लागतं.

उणे वीसच्या लेबलवर विसंबणं

स्लीपिंग बॅगच्या तापमानासाठी आयएसओ 23537 हे मानक आहे. गिर्यारोहणाच्या जॅकेटवरचे आकडे मात्र बहुधा ज्या त्या कंपनीने आपल्या हिशोबाने दिलेले असतात. त्यात माणूस चालतोय की उभा, आत काय घातलंय, वारा किती, यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. दोन कंपन्यांचे ‘उणे वीस’ शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका.

ओल्या गारठ्यात डाऊन

उणे पंधराच्या कोरड्या थंडीपेक्षा शून्याच्या आसपासचा ओला बर्फ आणि भुरभुर पाऊस जास्त छळतो. डाऊन भिजलं की त्याचे गोळे होतात आणि फुगीरपणा जातो. पाणी न धरणारं, प्रक्रिया केलेलं डाऊन मिळतं. त्याने वेळ मिळतो, अभय मिळत नाही, आणि वापराने व धुण्याने ती प्रक्रिया उतरत जाते. अशा हवेत सरळ सिंथेटिक घ्या. ते भिजलं तरी बऱ्यापैकी ऊब देतं आणि अंगावरच वाळतं. त्याचा तोटा नंतर दिसतो: वारंवार दाबून भरल्याने त्याचे धागे कायमचे बसतात. डाऊन धुऊन नीट वाळवलं की पुन्हा फुलतं. बसलेलं सिंथेटिक काही केल्या उठत नाही.

हार्नेस आणि हेल्मेटशिवाय माप घेणं

टी-शर्टवर चापूनचोपून बसणारं जॅकेट आरशात छान दिसतं. पण खाली दोन थर आणि शेल आला की भराव चेपतो आणि खांद्यापाशी हात उचलत नाही. माप घेताना आतले सगळे कपडे, हार्नेस आणि हेल्मेट घालूनच उभे राहा. हुड हेल्मेटवरून यायला हवा आणि मान वळवल्यावर चेहऱ्यावर घसरायला नको. दोन्ही हात डोक्यावर ताणून पाहा: कमरेची कड हार्नेसमधून सुटून वर आली तर प्रत्येक वेळी हात वर नेताना पाठ उघडी पडणार.

चेन दोन्ही बाजूंनी उघडणारी हवी. खालून चेन वर सरकवली की बिलेचं उपकरण मोकळं राहतं आणि जॅकेट त्यात अडकत नाही. याला मी सोयीपेक्षा सुरक्षेची बाब मानतो. खिसे हार्नेसच्या पट्ट्याखाली जात असतील तर ते असून नसल्यासारखे. आत जाळीचे मोठे खिसे असले तर ओले हातमोजे आणि पाण्याची बाटली गोठण्यापासून वाचते.

कापडाकडे दुर्लक्ष

1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंचने ईडर बदकाच्या डाऊनचा, बलूनच्या कापडात शिवलेला कोट नेला होता. लोकर आणि ट्वीडवाल्या सोबत्यांनी आधी त्याची टिंगल केली. त्या कोटात डाऊनइतकंच महत्त्व वारा अडवणाऱ्या कापडाला होतं. आजही तेच आहे, वारा आत शिरला की फुगीरपणाचा उपयोग निम्म्यावर येतो. 7 किंवा 10 डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) कापड पिसासारखं हलकं, पण खडकाला घासलं किंवा बर्फात फिरवून बसवायच्या आइस स्क्रूचं टोक लागलं की फाटतं. खडकाला खेटून चढायचं असेल तर 20-30 डेनियर घ्या आणि थोडं वजन सोसा.

आहे तेच जॅकेट ऊब देईनासं झालं तर

आधी ते उजेडासमोर धरा. गडद गोळे आणि मधे रिकाम्या जागा दिसल्या तर भराव एकत्र आलाय. घामाचं तेल आणि मळ साचला की असं होतं. डाऊनसाठीच्या साबणाने, मध्ये दांडा नसलेल्या मशीनमध्ये धुवा आणि ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉलसोबत फिरवा. वेळ खूप लागतो. वरून कोरडं वाटलं तरी आतले गोळे हाताला लागत असतील तर थांबू नका, ओलं राहिलेलं डाऊन कुबट वास मारतं.

सगळीकडे ऊब आणि फक्त खांद्यांना किंवा पाठीला थंडी वाजत असेल तर जॅकेटचा दोष नाही. तिथे सॅक आणि तिचे पट्टे भराव दाबतात. बरगड्यांत वारा शिरत असेल तर कमरेची दोरी आणि मनगटाची कड आवळून पाहा. पाणी वरून ओघळायच्या ऐवजी कापडात मुरत असेल तर जॅकेट धुऊन, लेबलवर चालतं असं लिहिलं असेल तर ड्रायरची हलकी ऊब द्या. वरचा जलरोधक लेप बऱ्याचदा परत जागा होतो, नाहीतर नवा मारावा लागतो.

जॅकेट दाबलेल्या पिशवीत महिनोन्‌महिने ठेवू नका, सैल टांगा. स्टोव्हची ठिणगी पडून भोक पडलं तर तिथल्या तिथे चिकटपट्टी लावा. शिवायला गेलात तर सुईची भोकंच वाढतात. आणि शिवणीतून एखादं पीस डोकावलं तर ते ओढू नका. एक ओढलं की दुसरं त्याच भोकातून बाहेर येतं. मागून कापड चिमटीत धरून ते आत खेचून घ्या आणि जागा जरा चोळा.